विजयदुर्ग पहिल्यांदा पाहायला जाताय? आधी बंदर पाहा

देवगडहून आरामात निघायचं, दुपारी बाराच्या उन्हात किल्ल्यात शिरायचं, दोन बुरुजांवर फोटो काढायचे आणि पाण्याची बाटली संपली की बाहेर पडायचं. विजयदुर्गला येणारी बरीच मंडळी अशीच पाऊण तासात परततात आणि घरी जाऊन सांगतात, ‘झाडी फार वाढलीय, बघण्यासारखं काही उरलं नाही.’ हे ऐकलं की मला वाईट वाटतं. दोष किल्ल्याचा नसतो, पाहण्याचा क्रम उलटा झालेला असतो.

विजयदुर्ग वाघोटन खाडीच्या मुखाशी, दक्षिण काठाच्या टोकावर उभा आहे. खाडीत शिरणारं प्रत्येक जहाज त्याच्या तोफांखालूनच जाणार, यासाठीच त्याची जागा निवडली गेली. म्हणून आधी बंदर पाहा, पाणी कुठून येतं आणि कुठे विसावतं ते पाहा, मग दरवाज्यातून आत जा. एवढा बदल केलात तरी कुठला बुरूज कशासाठी आहे हे तुमचं तुम्हालाच कळू लागेल. पाहुण्यांना आणि शाळकरी मुलांना तिथे नेताना जो क्रम उपयोगी पडला, तोच खाली देतो आहे.

## १. सुट्टी नंतर, आधी तिथी

जलदुर्ग पाहायला जाताना सर्वात आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा. विजयदुर्गला आज गाडीरस्ता आहे, होडीची गरज नाही, म्हणून लोक ही पायरी गाळतात. पण याच किल्ल्याभोवतीचं पाणी सकाळी तटाच्या पायथ्याशी असतं आणि संध्याकाळी खडक उघडे पडतात. ही दोन्ही रूपं एका दिवसात बघता आली तर अर्धा किल्ला समजला म्हणायला हरकत नाही.

वेळ काढायची जुनी रीत सोपी आहे. शुद्ध किंवा वद्य तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा. जो आकडा येईल त्या सुमाराला मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती. चतुर्दशी असेल तर १४ गुणिले पाऊण, म्हणजे साडेदहा. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, त्यामुळे विजयदुर्गला ती मुंबईच्या आधी येते. तासभर आधीची वेळ धरा, म्हणजे चतुर्दशीला साडेनऊ. पुढे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे पावणेचारच्या आसपास.

यातूनच दिवस ठरतो. चतुर्दशी, पौर्णिमा किंवा अमावास्या आणि प्रतिपदा हे उधाणाचे दिवस. सकाळी पाणी भरपूर चढतं आणि दुपारनंतर तितकंच खोल उतरतं. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते, तेव्हा चढउतार कमी आणि ओहोटीची वेळही भर दुपारी येते. दोन्ही दिवशी किल्ला तोच असला, तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने उधाणाचा दिवस धरावा.

इथे फसगत होते ती मोबाइलवरच्या वेळांमुळे. बरीच ॲप आपोआप मुंबईची वेळ दाखवतात. ठिकाण बदलून देवगड किंवा रत्नागिरी निवडा. आणि गुणाकाराने काढलेली वेळ हा अंदाज आहे. पाण्याजवळ उतरायचं असेल तर जेटीवरच्या कुणा खलाशाला विचारल्याशिवाय उतरू नका.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे आंब्याचे, उकाडा जबर आणि राहायच्या जागा भरलेल्या. पावसाळ्यात किल्ल्यात जाता येतं, हिरवाईही असते, पण तटावरचा दगड शेवाळाने गुळगुळीत होतो. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. चालतं बंदर पाहायचं असेल तर हे दोन महिने टाळा.

## २. पोचायचं कसं

मुंबई-गोवा महामार्गावर तळेरे गाठा. तिथून पश्चिमेकडे फुटणारा रस्ता वाघोटन, पडेल, गिर्ये करत थेट विजयदुर्गला जातो. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, पण वळणं आणि चढउतार आहेत, म्हणून निवांत दीड तास हातात ठेवा. देवगडहून जामसंडे-पडेलमार्गे तीसेक किलोमीटर.

रेल्वेने येणार असाल तर कणकवली सोयीचं. राजापूर रोड आणि वैभववाडी रोडही चालतात, मात्र तिथे थांबणाऱ्या गाड्या कमी आणि पुढचं वाहन मिळायला वेळ लागतो. एसटी किल्ल्याच्या जवळ आणून सोडते. इंटरनेटवर फिरणाऱ्या वेळापत्रकावर मात्र विसंबू नका. कणकवली किंवा देवगडच्या स्थानकात चौकशी करा आणि विजयदुर्गला उतरल्याबरोबर परतीची शेवटची गाडी कधी ते वाहकालाच विचारून घ्या.

नवख्या माणसाचे गोंधळ दोन ठिकाणी होतात. पहिला, सिंधुदुर्ग जिल्ह्यातला किल्ला म्हणून विजयदुर्ग आणि मालवणचा सिंधुदुर्ग यांची सरमिसळ. दोन्ही वेगळे आहेत आणि दोन्ही एका दिवसात उरकायचा बेत केलात तर अर्धा दिवस गाडीतच जातो. दुसरा गोंधळ जैतापूर-नाटेच्या बाजूने किनाऱ्याकिनाऱ्याने येणाऱ्यांचा. खाडीपलीकडे किल्ला अगदी समोर दिसतो, पण मधली खाडी ओलांडायला रस्ता आत वळसा घालून येतो. तो वेळ आधीच धरा.

मुक्काम विजयदुर्ग गावातच करा. देवगडला सोयी जास्त आहेत, पण सकाळचं बंदर हुकतं. गावात घरगुती सोय होते. जेवण मात्र आदल्या दिवशीच सांगून ठेवा. ऐन वेळी माशांचं ताट मिळेलच असं नाही.

## ३. सोबत काय घ्यायचं

- सरकारी ओळखपत्र. मुक्कामाला लागतं, होडीने फिरायचं ठरलं तर तिथेही विचारतात.
- रोख पैसे, सुट्टे धरून. मोबाइलची रेंज गेली की ऑनलाइन पैसे अडकतात.
- माणशी दोन लिटर पाणी. आत प्यायचं पाणी मिळेल असं गृहीत धरू नका.
- चांगला टॉर्च. मोबाइलचा उजेड कोठारात पुरत नाही.
- पकड असलेले बूट. चपला, सँडल तटासाठीही नकोत आणि खाडीच्या चिखलासाठीही नकोत.
- टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट. झाडोऱ्यात किडे चावतात.
- दुर्बीण असेल तर जरूर. बंदरावरून तट वाचायला तिच्यासारखं साधन नाही.
- मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवलेला परिसराचा नकाशा.
- वही-पेन्सिल.

मुलांचा गट नेणार असाल तर प्रत्येक दहा मुलांमागे एक मोठा माणूस ठेवा. तट उंच आहे आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही.

## ४. जाण्याआधी एवढं वाचून ठेवा

सगळ्या सनावळ्या पाठ करायची गरज नाही. पुढचे चार टप्पे मात्र डोक्यात असू द्या, कारण दगडांत तेच दिसतात.

किल्ल्याची मूळ उभारणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे नेली जाते. पुढे तो आदिलशाहीत होता. शिवछत्रपतींनी तो घेतल्यावर त्याचं रूप पालटलं. आज दिसणारी एकामागे एक अशी तिहेरी तटबंदी हे त्या काळाचं देणं. तेव्हा जमिनीकडच्या बाजूलाही खंदक होता. तो बुजवल्यामुळे आज आपण गाडीने दाराशी पोचतो.

दुसरा टप्पा आंग्र्यांचा. कान्होजी आंग्र्यांनी इथे आरमाराचं मोठं ठाणं केलं. १७१७ आणि १७२० साली मुंबईकर इंग्रजांनी, १७२४ साली डचांनी किल्ल्यावर हल्ले केले आणि प्रत्येक वेळी हात हलवत परतले. १७२० च्या स्वारीत तर इंग्रजांनी तोफा ठेवायला मुद्दाम तरंगता तराफा बांधून आणला होता.

तिसरा टप्पा १७५६ चा, आणि तो सर्वात वेदनेचा. तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं बिनसलं. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १२ फेब्रुवारी १७५६ ला ॲडमिरल वॉटसनचं आरमार खाडीच्या तोंडाशी आलं. त्यात लष्कराचा प्रमुख होता रॉबर्ट क्लाइव्ह, पुढे प्लासीला गेलेला तोच. तुळाजी तेव्हा किल्ल्यात नव्हता. बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेला होता. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात झालेल्या तहाने इंग्रजांनी बाणकोट ठेवून घेतलं आणि विजयदुर्ग पेशव्यांना दिला.

चौथा टप्पा धुळपांचा. पेशव्यांच्या आरमाराचे सुभेदार आनंदराव धुळप यांनी इथूनच दर्या राखला. १७८३ च्या एप्रिलात त्यांनी इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज गाठून केलेली लढाई प्रसिद्ध आहे. १८१८ मध्ये किल्ला कायमचा इंग्रजांकडे गेला.

आणखी वाचायचं असेल तर जुन्या इंग्रजी कागदपत्रांत हा किल्ला ‘घेरिया’ या नावाने शोधा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत विजयदुर्ग आहे, त्यामुळे आता नवं लेखनही बरंच मिळतं.

## ५. सकाळी सात वाजता जेटीवर

किल्ल्याकडे पाठ करा आणि थेट जेटीवर या. पाणी चढत असतं, त्या चढत्या पाण्यावर रात्रीच्या होड्या आत येत असतात. कशा येतात ते नीट पाहा. बाहेर समुद्रात लाटा असल्या तरी खाडीच्या तोंडातून आत वळलं की पाणी शांत होतं. किल्ल्याचं टोक पश्चिमेचा मारा अंगावर घेतं आणि त्याच्या आडोशाला, पूर्वेच्या अंगाला, जहाजं सुखरूप नांगरता येतात. खाडी आत थेट खारेपाटणपर्यंत जाते, जिथे जुन्या काळी मोठी पेठ होती. म्हणजे या तोंडावर ज्याचा ताबा, त्याच्या हातात आतला सगळा व्यापार.

आता आंग्र्यांची जहाजं डोळ्यांसमोर आणा. गुराब हे दोन-तीन डोलकाठ्यांचं जहाज, तळ उथळ, नाळेवर म्हणजे पुढच्या टोकावर तोफा. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतं गुराबांना दोर लावून ओढत नेत. युरोपीय जहाज शिडांवर अवलंबून जागीच खोळंबलेलं असताना हे वल्ही मारत त्याच्या पिछाडीला येत, जिथे त्याच्या तोफा कमी. आणि मोठी जहाजं पाठलागावर आली तर हे उथळ खाडीत शिरत, जिथे जड तळाच्या जहाजाला यायची हिंमत होत नसे. जेटीवर उभं राहून पाण्याचा रंग बघितलात तर उथळ पट्टा आणि खोल वाट वेगळी ओळखू येते. कुणी अनुभवी तांडेल भेटला तर त्याला फक्त एवढं विचारा, ‘काका, मोठी बोट आत आणायची झाली तर कुठून आणाल?’ तो हात करून जी वाट दाखवेल, ती किल्ल्याला किती चिकटून जाते ते पाहा.

याच जागी १७५६ ची दुपारही समजते. आंग्र्यांची जहाजं किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना लागून बांधलेली होती. एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. ते मूळचं इंग्रजांचंच, आंग्र्यांनी पकडून आपल्या आरमारात घेतलेलं. त्यावर आग लागली आणि एकाहून दुसऱ्याला धरत सगळं आरमार जळालं. जो आडोसा साठ वर्षं वाचवत आला, त्याच दाटीवाटीत सगळं गेलं. मुलांना मी ही हकीकत जेटीवरच सांगतो. किल्ल्यात सांगितली तर ती नुसती गोष्ट राहते. इथे त्यांना पाण्याची रुंदी दिसते आणि जहाजांना पळायला जागा किती कमी होती ते कळतं.

पर्यटनाच्या मोसमात किल्ल्याला बाहेरून फेरी मारणारी होडी मिळू शकते. मिळाली तर घ्या. ठरवताना तीन गोष्टी बघा: लाइफ जॅकेट प्रत्येकाला आहे का, माणसं किती घेणार, आणि पैसे माणशी की होडीचे. वारा वाढला असेल आणि नाखवा ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्या मागे लागू नका.

## ६. दरवाजा: घाईने पार करू नका

साधारण साडेआठ-नऊला किल्ल्याकडे वळा. बाहेर मारुतीचं देऊळ लागतं, पुढे जिभीचा दरवाजा. जिभी म्हणजे मुख्य दारापुढे पुढे काढलेला आडकोट. तिथून आत गेल्यावरही मुख्य दरवाजा लगेच समोर येत नाही. वाट तटाच्या पोटात वळते आणि दोन्ही बाजूंनी भिंती चढत जातात. हे गोमुखी बांधकाम. इथे थांबा आणि वर बघा. तुम्ही शत्रू असतात तर आत्ता तुमच्या डोक्यावर, उजवीकडे, डावीकडे किती माणसं असती, याचा अंदाज घ्या. हत्तीला धडक द्यायला पळण्यापुरती सरळ जागा मिळत नाही, तोफ रोखायला सरळ रेषा मिळत नाही.

दरवाज्याच्या आत पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. पुढे तोफगोळे मांडून ठेवलेले दिसतील. ते उचलून फोटो काढायचा मोह मुलांना होतो. उचलू देऊ नका, जड असतात आणि पायावर पडतात.

## ७. तटावरची फेरी

माझ्या मते दिवसाचा सर्वात जास्त वेळ इथे द्यावा. किमान दोन तास. या सुमाराला भरती पूर्ण होत आलेली असते, त्यामुळे समुद्राकडच्या बुरुजावरून खाली वाकलात (कठड्याच्या अलीकडून) तर पाणी थेट बाहेरच्या तटाला भिडलेलं दिसतं. हल्लेखोराला शिडी लावायला कोरडी जमीनच नाही.

तिन्ही तटांची उंची लक्षात घ्या. बाहेरचा ठेंगणा, आतला चढा. पाण्याच्या पातळीजवळची तोफ जहाजाच्या पोटात गोळा घालते. उंचावरची तोफ डोलकाठ्या आणि वरची माणसं टिपते. बाहेरचा तट पडला तरी आतून मारा चालूच राहतो. बुरूज गोलाकार आणि तटाच्या बाहेर काढलेले, म्हणजे एका बुरुजावरून शेजारच्या बुरुजाचा पायथा दिसतो. हे पडताळून पाहा: एकाला एका बुरुजावर उभं करा, दुसऱ्याने पुढच्या बुरुजावर जाऊन त्याच्या पायथ्याचा दगड दिसतो का ते सांगायचं. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि किल्लेबांधणी त्यांच्या कायमची लक्षात राहते.

तटातल्या अरुंद जंग्यांना डोळा लावून बघा. काहींतून दूरचं पाणी दिसतं, काहींतून फक्त खालची वाट. ज्या शिपायाला जिथे मारा करायचा, तेवढंच त्याला दाखवणारी ही भोकं आहेत. आता मागच्या अंगाला, खाडीच्या बाजूला या आणि सकाळी उभे होता ती जेटी शोधा. जहाज तुम्ही जिथून आत येताना पाहिलंत, ती सगळी वाट इथून तोफेच्या टप्प्यात येते.

दगड जवळून बघा. जांभ्याच्या चिऱ्यावर तळहात ठेवा. खाऱ्या वाऱ्याने त्याचं अंग पोखरून बोट जाईल अशी छिद्रं केलेली असतात. काही जागी चिरा झिजून आत गेला आहे आणि सांध्यातला चुना मात्र पुढे आलेला आहे, नखाने खरवडला तरी हलत नाही. तो चुना दगडी चाकाच्या घाणीत मळून तयार होत असे; किल्ल्यात ही चुन्याची घाणी दाखवतात, ती अवश्य बघा. तटाच्या बाहेरच्या अंगावर तोफगोळ्यांच्या माराच्या खुणा आहेत. खळगा पडला, आजूबाजूला तडाही गेलेला नाही, असं एखादं ठिकाण दुर्बिणीतून सापडेल.

सावध राहायच्या जागा: समुद्राकडच्या तटाचे काही भाग अलीकडच्या वर्षांत ढासळले आहेत. दोरी, पत्रा किंवा फलक लावलेला असेल तर पलीकडे जायचं नाही. गवताने झाकलेल्या भागात पाय टाकण्याआधी काठीने चाचपा, खाली पोकळी असू शकते. सेल्फीसाठी तटाच्या कडेला पाठ करून उभं राहू नका. वारा अचानक झोत देतो.

## ८. आतल्या इमारती, आणि दोन गोष्टी ज्या तपासून घ्याव्यात

आत सदर, कोठारं, घोड्यांची पागा, खलबतखाना, भवानीमातेचं देऊळ, पाण्याचा तलाव असं बरंच आहे. खुबलढा ही तोफांची दणकट जागा विचारत विचारत गाठा. आत अंधार आहे, टॉर्च इथेच लागतो. वटवाघळं असतात, आवाज करू नका. बाकी इमारतींवर तासाभरापेक्षा जास्त वेळ नको. स्थानिक वाटाड्या मिळाला तर जरूर घ्या. जागांची नावं त्यांच्याच तोंडी टिकली आहेत.

दोन कथा मात्र नीट समजून घ्या. पहिली ‘साहेबाच्या ओट्यां’ची. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण या भागातून दिसलं, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेबाने इथल्या ओट्यांवरून हेलियम वायू शोधला असं सांगितलं जातं. पण त्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटाचं निरीक्षण करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जाँसेन गुंटूरला होते. नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहण नसताना, तिथूनच निरीक्षण केलं. त्याच वर्षीच्या निरीक्षणांतल्या पिवळ्या रेषेवरून हेलियमचा माग लागला. गावात १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो, मुलं विज्ञानाचे प्रयोग मांडतात, ते मला मनापासून आवडतं. मुलांना ग्रहणाची तारीख आणि माणसांची ठिकाणं बरोबर सांगितली तर तो दिवस आणखी मोलाचा होईल.

दुसरी कथा पाण्याखालच्या भिंतीची. किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्रात शंभराहून अधिक मीटर लांबीची बांधणी पाणबुड्यांनी नोंदवली आहे आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही तिथे पाहणी केली आहे. शत्रूची जहाजं तिच्यावर आपटत, असं गावात सांगतात. ती ओहोटीलाही वरून दिसत नाही. उघड्या पडलेल्या खडकांनाच भिंत समजून लोक खाली उतरतात. तसं करू नका. त्या खडकांवर कालवं असतात, त्यांच्या धारेने पाय फाटतो, आणि पाणी फिरलं की परतीची वाट बंद होते.

## ९. दुपारनंतर, ओहोटीला: गोदी

बहुतेक लोक ही पायरी गाळतात. जेवून, जरा आडवं होऊन, साडेतीनला निघा. गिर्ये गावाच्या हद्दीत, किल्ल्यापासून तीनेक किलोमीटरवर, खाडीच्या आतल्या अंगाला मराठा आरमाराची गोदी आहे. शंभर मीटरांहून लांब असलेला हा खडकातला खोलगट भाग, कडेने दगडी बांधकामाचे अवशेष आणि आजूबाजूला खारफुटी. भरतीला आलात तर नुसती पाण्याची खाचर दिसेल. ओहोटीला तळ उघडा पडतो आणि सगळी युक्ती कळते.

उधाणाच्या भरतीला जहाज आत तरंगत आणायचं आणि टेकू देऊन स्थिर करायचं. पाणी उतरलं की तळ उघडा. मग तळाला चिकटलेली कालवं, शेवाळ खरवडून काढायचं, कुजलेल्या फळ्या बदलायच्या, फटी बुजवायच्या आणि पुढच्या उधाणाला जहाज बाहेर. तिथीचा गुणाकार आपण सहलीसाठी केला. इथली कामं त्याच हिशोबावर चालत. किल्ला खाडीचं तोंड का राखत होता, याचं उत्तर या उघड्या तळाशी मिळतं: आत जहाजं बांधली आणि दुरुस्त केली जात होती.

वाट नीट विचारून जा, फलक सापडेलच असं नाही. चिखलात घोट्याच्या वर पाय जायला लागला की मागे फिरा. पाणी पुन्हा चढायला लागायच्या आत वर या.

परतताना गिर्येचं रामेश्वराचं देऊळ पाहा. खडक कापून काढलेल्या वाटेने खाली उतरावं लागतं. संभाजी आंग्र्यांची समाधी इथे आहे, आणि आवारात उभी असलेली डोलकाठी धुळपांनी पकडलेल्या जहाजाची म्हणून दाखवतात. विजयदुर्ग गावात धुळपांचा वाडाही आहे. ते खासगी घर आहे, परवानगी मिळाली तरच आत जा आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

## १०. नियम, परवानगी आणि पडझडीची नोंद

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत संरक्षित आहे. सूर्योदयानंतर आत, सूर्यास्ताआधी बाहेर. आत मुक्काम, चूल, शेकोटी चालत नाही. हातातल्या मोबाइलने किंवा कॅमेऱ्याने फोटो काढता येतात. तिकाटणं (ट्रायपॉड) लावून किंवा व्यावसायिक चित्रीकरण करायचं असेल तर आधी लेखी परवानगी लागते, आणि ड्रोन परवानगीशिवाय अजिबात उडवू नका. भिंतीवर नाव कोरणं, दगड हलवणं हा गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

गटाने श्रमदान करायचं मनात असेल तर परस्पर कुदळ-फावडं घेऊन जाऊ नका. झाड मुळासकट उपटलं तर त्याच्याबरोबर चार चिरेही येतात. पुरातत्त्व खात्याकडे करायच्या परवानगीच्या अर्जात संस्थेचं नाव, माणसांची यादी, तारीख, नेमकं काय काम करणार आणि जबाबदार व्यक्तीचा संपर्क हे सगळं द्या. उत्तराला वेळ लागतो, म्हणून दोन महिने आधी अर्ज करा.

तटाला नवी भेग, सुटलेला चिरा किंवा ताजी पडझड दिसली तर एवढं करा: लांबून एक फोटो, जवळून एक फोटो, दगडाशेजारी पेन किंवा वही ठेवून आकार कळेल असा तिसरा. तारीख, जवळच्या बुरुजाचं नाव, समुद्राची बाजू की खाडीची, हे वहीत लिहा. किल्ल्यावरच्या कर्मचाऱ्याला दाखवा आणि पुरातत्त्व खात्याच्या मुंबई मंडळाला ईमेल करा. पुढच्या वेळी जाल तेव्हा त्याच जागेचा त्याच कोनातून पुन्हा फोटो घ्या. भेग वाढली की नाही हे त्यावरूनच ठरवता येतं.